छंदाचं मासिक डिजिटल होतंय? वर्गणी बदलण्याआधी आणि नंतर करायची कामं

मासिकाकडून निरोप येतो: पुढच्या वर्षापासून छापील अंक बंद, डिजिटल अंक चालू. कधी छापील अंकही चालू राहतो, पण त्याची वर्गणी इतकी वाढते की डिजिटलकडे वळावंसं वाटतं. बातम्यांचं साप्ताहिक असेल तर यात फार विचार करण्यासारखं काही नाही. आठवडा उलटला की तो अंक तसाही कोणी उघडत नाही. छंदाच्या मासिकाचं वेगळं असतं. सुतारकाम, विणकाम, हौशी रेडिओ, रेल्वेची मॉडेलं, आकाशनिरीक्षण, बुद्धिबळ यांपैकी कुठलाही छंद घ्या, आठ वर्षांपूर्वीच्या अंकातली एखादी आकृती आज अचानक लागते. असा अंक वाचायचा कमी आणि वापरायचा जास्त असतो.

म्हणून डिजिटल अंकाची पारख करताना माझी कसोटी एकच आहे: यातला लेख मला दहा वर्षांनी सापडेल का, उघडेल का आणि काम करताना समोर ठेवता येईल का? अंक पडद्यावर किती देखणा दिसतो, पानं उलटताना आवाज येतो की नाही, हे सगळं त्यानंतर.

हा बदल टाळता येईल असं समजू नका. कागद, छपाई, टपाल आणि विक्रेत्यांपर्यंत पोचवणं हा सगळा खर्च वाढत गेला, त्याच वेळी छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या. छंदाची मासिकं अशा जाहिरातींवर बऱ्याच अंशी चालायची. ‘लिनक्स जर्नल’नं २०११ मध्येच छापील अंक थांबवला. ‘पॉप्युलर फोटोग्राफी’चा छापील अंक २०१७ मध्ये बंद झाला. १८७२ पासून निघणारं ‘पॉप्युलर सायन्स’ २०२१ मध्ये पूर्ण डिजिटल झालं आणि २०२३ मध्ये त्याचे डिजिटल अंकही थांबले. ‘मॅक्झिमम पीसी’ आणि ‘मॅकलाइफ’ यांनी २०२३ मध्ये कागद सोडला. यातली ‘पॉप्युलर सायन्स’ची गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. डिजिटल होणं हा शेवटचा थांबा असेलच असं नाही, आणि मासिक बंद पडलं तर आपल्या हातात काय उरेल हे आजच विचारून ठेवायला हवं.

आधी स्वतःचे अंक चाळा

गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक काढा आणि ज्या पानांकडे तुम्ही पुन्हा वळलात तिथे चिठ्ठी लावा. आठवत नसेल तर डाग, घड्या, पेन्सिलच्या खुणा बघा, पानं स्वतःच सांगतात. मग चिठ्ठ्या कुठे पडल्या ते पाहा. मुलाखती, अनुभव, उपकरणांची परीक्षणं यांवर असतील तर तुम्ही मुख्यतः वाचक आहात आणि डिजिटल अंकात तुमचं जवळजवळ काहीच बिघडणार नाही. त्या आराखडे, कापाचे नमुने, विणीचे तक्ते, सर्किटच्या आकृत्या यांवर असतील तर तुम्ही अंक वापरणारे आहात, आणि पुढचा सगळा लेख तुमच्यासाठी आहे.

अंक कुठे उघडता तेही लिहून ठेवा. लाकडाचा भुसा उडणाऱ्या खोलीत, रंग आणि गोंदानं भरलेल्या हातांनी, की रात्री दुर्बिणीशेजारी? आकाशनिरीक्षणात पांढऱ्या पडद्याकडे एक नजर गेली तरी अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तिथे पडद्याला लाल छटा देण्याची सोय हवी, नाहीतर तो तारानकाशा कागदावर छापून लाल दिव्याखालीच वापरायला हवा.

‘डिजिटल’ म्हणजे नेमकं काय देणार, ते विचारा

एकाच शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

पहिला प्रकार म्हणजे छापील पानांची हुबेहूब पीडीएफ, जी उतरवून स्वतःकडे ठेवता येते. पीडीएफ १९९३ पासून आहे, २००८ मध्ये ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेचं खुलं प्रमाण झालं, आणि ते उघडणारे प्रोग्रॅम कुठल्याही यंत्रावर मिळतात. छंदासाठी माझी पहिली पसंती यालाच. पान जसं मांडलं तसंच राहतं, आकृती आणि तिचं स्पष्टीकरण शेजारी राहतं, आणि मासिक बंद पडलं तरी फाइल तुमच्याच कपाटात.

दुसरा प्रकार ॲपमधला अंक. तो फक्त त्या ॲपमध्ये आणि त्या खात्यातूनच उघडतो. ही सोय वाटते, पण तिचं आयुष्य प्रकाशकाच्याही हातात नसतं. ॲपलचं ‘न्यूजस्टँड’ २०११ मध्ये आलं आणि २०१५ मध्ये गेलं. ‘टेक्स्चर’ ही अनेक मासिकं एका वर्गणीत देणारी सेवा ॲपलनं घेतली आणि मे २०१९ मध्ये बंद केली. तिच्या जागी आलेली सेवा ॲपलच्याच उपकरणांवर चालत असल्यानं ॲन्ड्रॉइडवरचे वाचक बाहेर राहिले. गूगलनं २०२० च्या सुरुवातीला छापील अंकांच्या डिजिटल प्रती विकणं थांबवलं. ॲमेझॉननं किंडलवरच्या मासिकांची वर्गणी सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. या सगळ्या बलाढ्य कंपन्या आहेत, तरीही एखाद्या छंदी वाचकाच्या कपाटातल्या गठ्ठ्याइतकंही या सेवांचं आयुष्य झालं नाही.

तिसरा प्रकार ब्राउजरमध्ये पानं उलटणारा अंक. जुने असे कित्येक अंक फ्लॅश या ब्राउजरमध्ये चालणाऱ्या जुन्या तंत्रावर बांधलेले होते. ॲडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ज्या प्रकाशकांनी अंक नव्यानं बांधले नाहीत त्यांचे अंक दिसेनासे झाले. अशा अंकात ‘पीडीएफ उतरवा’ असं बटण आहे का, ते आधी शोधा. असेल तर काळजी नाही.

चौथा प्रकार म्हणजे अक्षरं पडद्याप्रमाणे पुन्हा मांडली जाणारा अंक, बहुधा ईपब किंवा ॲपमधला ‘मजकूर दृश्य’. फोनवर मोठा लेख वाचायला यासारखं सुख नाही. पण ‘आकृती ४ पाहा’ असं लिहिलेलं असतं आणि आकृती चार पडदे खाली गेलेली असते. विणीचा तक्ता तर कधी कधी अर्धाच दिसतो. वाचनासाठी उत्तम, कामासाठी अपुरा.

जुन्या अंकांच्या संग्रहाबद्दल वेगळा प्रश्न विचारा. पुष्कळ मासिकं वर्गणीदाराला सगळे मागचे अंक उघडून देतात, आणि खरं सांगायचं तर डिजिटलचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांचं ‘क्यूएसटी’ १९१५ पासून निघतंय. इतका जुना साठा कोणाच्या घरात मावणार? पण वर्गणी संपल्यावर तो संग्रह बंद होतो का, आणि वर्गणी चालू असताना घेतलेले अंक तरी राहतात का, याचं लेखी उत्तर घ्या. ‘अमर्याद प्रवेश’ म्हणजे मालकी नव्हे.

नमुना अंकावर तपासण्या

बहुतेक मासिकं एखादा अंक चाळायला देतात. तो नुसता चाळू नका, राबवा.

एखादी आकृती चारशे टक्के मोठी करा. रेषा धारदार राहिल्या तर ती मूळ रेखाटनातून आली आहे, कितीही मोठी केली तरी टिकेल. कडा पुसट आणि चौकोनी दिसू लागल्या तर ते चित्र आहे. बारीक आकडे वाचता येतात की नाही ते तिथेच बघून घ्या, कारण सर्किटमध्ये ४.७ आणि ४७ यांत फक्त एका ठिपक्याचा फरक असतो.

मग शोध चालवा. लेखात डोळ्यांना दिसणारा एखादा शब्द शोधपेटीत टाका. सापडला नाही तर पान फक्त छायाचित्र आहे. देवनागरी अंकात आणखी एक अडचण येते: युनिकोड ही आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पीडीएफमधून एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो. असा अंक वाचता येतो पण शोधता येत नाही, आणि त्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारा प्रोग्रॅम, चालवावा लागतो. टेसरॅक्ट हा मोफत ओसीआर प्रोग्रॅम मराठी ओळखतो. छपाई स्वच्छ असेल तर शोधण्यापुरता मजकूर मिळतो.

छापील अंकासोबत येणारा घडीचा आराखडा किंवा पूर्ण आकाराचा साचा डिजिटल अंकात आहे का, हे विसरू नका. काही ठिकाणी तो वेगळ्या दुव्यावर असतो, काही ठिकाणी नसतोच. शेवटी इंटरनेट बंद करून अंक पुन्हा उघडा. उघडला नाही तर कामाच्या खोलीत नेटवर्क जाईल त्या दिवशीही उघडणार नाही.

पडदा किती मोठा हवा

इथे थोडं गणित करू, कारण या बाबतीत फार निराशा पदरी पडते आणि दोष उगाच डिजिटल अंकाला दिला जातो. ए-४ पान २१० गुणिले २९७ मिलिमीटरचं, म्हणजे कर्ण सुमारे १४.३ इंच. मासिकातला मजकूर साधारण ९ पॉइंटचा धरू (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप).

४:३ प्रमाणाच्या १२.९ इंची टॅबलेटवर पूर्ण पान सुमारे ८८ टक्के आकारात बसतं. ९ पॉइंटचं अक्षर ८ च्या जवळ राहतं. आरामात वाचता येतं. लांबट, १६:१० प्रमाणाच्या १० इंची टॅबलेटची रुंदी मात्र जेमतेम ५.३ इंच असते. पान ६४ टक्क्यांवर येतं आणि अक्षर पावणेसहा पॉइंटचं होतं. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसं. मग प्रत्येक पान मोठं करून सरकवत बसावं लागतं, आणि तीन स्तंभांच्या पानावर वर-खाली करताना धागा सुटतो. म्हणून इंच बघताना प्रमाणही बघा. मासिकासाठी चौकोनाकडे झुकणारा पडदा लांबट पडद्यापेक्षा केव्हाही चांगला.

आधीच मोठा संगणक असेल तर नवं उपकरण घेण्याची घाई नको. २४ इंची मॉनिटरवर दोन पानं शेजारी शेजारी जवळजवळ मूळ आकारात दिसतात. जोडपानावर पसरलेली छायाचित्रं आणि नकाशे पाहायचे असतील तर ॲडोबी रीडरमध्ये ‘टू पेज व्ह्यू’ निवडा आणि त्यासोबत ‘शो कव्हर पेज’ हा पर्यायही चालू करा. तो नसेल तर मुखपृष्ठाला पान दोन चिकटतं आणि पुढची प्रत्येक जोडी एका पानानं घसरते. एका खुणेचं काम, पण त्यामुळे अंक पुन्हा अंकासारखा दिसतो.

ई-इंकच्या, म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा असलेल्या वाचनयंत्रांबद्दल थोडक्यात: लांब मजकुरासाठी डोळ्यांना आराम, छायाचित्रांसाठी नाही. कॅलिडो ३ या रंगीत पडद्यावर काळं-पांढरं ३०० पीपीआयचं (दर इंचाला ३०० बिंदू) दिसतं पण रंग १५० पीपीआयवर येतात. छायाचित्रणाच्या मासिकाला ते न्याय देत नाही. उलट चांगला चमकदार पडदा छायाचित्रांना कागदापेक्षाही खुलवतो.

आराखडे आणि साचे छापताना

पडद्यावर वाचायचं आणि लागेल ते पान छापून कामाच्या टेबलावर न्यायचं, ही सवय मला सर्वांत व्यवहार्य वाटते. छापलेल्या पानावर गोंद सांडला तर दुसरं छापता येतं. मूळ अंकाचं तसं नव्हतं.

पण मापाचा आराखडा छापताना प्रिंटच्या खिडकीत ‘फिट’ निवडलेलं असतं आणि तिथेच घात होतो. प्रिंटर समास सोडण्यासाठी पान तीन-चार टक्क्यांनी आक्रसून टाकतो. कागदाचा आकार बदलला तर आणखी वाईट: ए-४ चा आराखडा अमेरिकी लेटर कागदावर बसवला की तो सुमारे ९४ टक्क्यांवर येतो, म्हणजे ३० सेंटिमीटरचा भाग २८.२ चा छापला जातो. खुर्चीचा पाय असो वा बाहीचा कापाचा नमुना, जुळणी बिघडलीच. १:८७ प्रमाणाच्या रेल्वे मॉडेलमध्ये तर एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले जवळजवळ नऊ सेंटिमीटर.

म्हणून ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के निवडा. बहुतेक चांगल्या साच्यांवर एक तपासणीचा चौकोन असतो, एका इंचाचा किंवा पाच सेंटिमीटरचा. आधी फक्त ते पान छापा आणि चौकोन पट्टीनं दोन्ही दिशांनी मोजा, कारण काही प्रिंटर एका दिशेनं किंचित ताणतात. चौकोन नसेल तर आराखड्यावर लिहिलेलं सर्वांत लांब माप मोजा. लहान मापात चूक लपते.

आराखडा कागदापेक्षा मोठा असेल तर ॲडोबी रीडरमधला ‘पोस्टर’ पर्याय त्याचे तुकडे करून छापतो. टाइल स्केल १०० टक्के ठेवा, ओव्हरलॅप एक-दीड सेंटिमीटर द्या आणि कापायच्या खुणा चालू करा. चिकटवताना मधल्या तुकड्यापासून बाहेर जा. एका टोकापासून सुरुवात केली तर प्रत्येक जोडाची बारीक चूक पुढच्यात मिसळत जाते.

विणकरांना आणि भरतकाम करणाऱ्यांना मात्र न छापताही बरंच साधतं. पीडीएफच्या प्रतीवर हायलायटरनं चालू ओळ रंगवायची, पूर्ण झालेल्या ओळी वेगळ्या रंगात. मूळ फाइल कोरी ठेवून नेहमी प्रतीवर काम करा. बुद्धिबळाचं मासिक सोबत पीजीएन फायली (संगणकाला वाचता येतील अशा डावाच्या नोंदी) देत असेल तर त्या आवर्जून घ्या. छापील डाव पटावर मांडून पाहण्यातली मजा आहेच, पण पर्यायी चाली तपासून पुन्हा मूळ डावात परतणं संगणकावर कितीतरी सोपं जातं.

फायली जिथे हव्या तिथे, हव्या तेव्हा

अंक आला की त्याच दिवशी उतरवा. ‘संकेतस्थळावर आहेच की’ म्हणून ठेवलेले अंकच पुढे हरवतात. फाइलला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग मासिकाचं नाव: ‘२०२४-०३-मासिक’. महिना दोन अंकीच लिहा, नाहीतर काही प्रोग्रॅम दहावा महिना दुसऱ्याच्या आधी लावतात. प्रत्येक मासिकाला एक फोल्डर पुरे. विषयांप्रमाणे फोल्डर करू नका, कारण एकाच अंकात तीन विषय असतात.

विषयांसाठी सूची ठेवा. साध्या तक्त्यात चार रकाने: लेखाचं नाव, विषय, अंक, पान. सगळ्या लेखांची नोंद करायला गेलात तर महिनाभरात कंटाळाल. जो लेख पुन्हा लागेल असं वाटतं त्याचीच करा. दर अंकामागे तीन-चार नोंदी होतात आणि पाच मिनिटं जातात. संगणकाचा शोध असताना सूची कशाला, असं वाटेल. पण शोधाला तुम्ही टाकलेला शब्द लागतो, आणि लेखकानं तो वापरलेलाच असेल याची खात्री नसते. अनेक जुन्या मासिकांत वर्षाची सूची येत असे. ती पानं वेगळी काढून एका फाइलीत जोडून ठेवा, त्यापेक्षा चांगला वाटाड्या नाही. कॅलिबर किंवा झोटेरो हे मोफत प्रोग्रॅम मोठ्या संग्रहाला उपयोगी पडतात, मात्र नावांची शिस्त आधी हवी.

प्रती तीन: एक रोजच्या संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. वर्षातून एकदा बाजूच्या डिस्कवरचे दोन-चार अंक प्रत्यक्ष उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

वाचनालयाकडेही बघा. लिबीसारख्या ॲपमधून अनेक सार्वजनिक वाचनालयं मासिकं देतात, आणि पुस्तकांसारखी रांग तिथे बहुधा लागत नाही. ज्या मासिकातला वर्षाकाठी एखादाच लेख तुम्हाला लागतो त्याची वर्गणी कशाला भरायची? वर्गणी त्याच मासिकाची ठेवा ज्याचे अंक तुम्हाला जपायचे आहेत. त्याला तुमच्या पैशांची गरजही जास्त आहे.

आधीच्या छापील गठ्ठ्याचं काय करायचं

सगळं स्कॅन करायचा संकल्प सोडा. आधी बाजारात काय आहे ते बघा. ज्या मासिकाचा अधिकृत डिजिटल संग्रह मिळतो त्याचं एकही पान स्कॅन करण्यात अर्थ नाही. जे मासिक बंद पडलं, ज्याचा संग्रह कुठेच नाही, किंवा ज्याच्या डिजिटल प्रतीत आराखडे गळले आहेत, तेवढंच हाती घ्या.

साध्या मजकुराला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० बिंदू, पुरतं. ए-४ पान तेव्हा २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचं होतं, रंगीत आणि न दाबलेलं असेल तर सुमारे २६ एमबी. बारीक रेषांचे आराखडे ६०० वर घ्या. छापील छायाचित्रं बारीक ठिपक्यांची असतात आणि स्कॅनरच्या बिंदूंशी त्यांची गाठ पडली की लाटांसारखी नक्षी उमटते. स्कॅनरचा ‘डीस्क्रीन’ पर्याय त्यासाठीच आहे, किंवा ६०० वर स्कॅन करून मग आकार निम्मा करा. आराखड्याच्या पानावर एक पट्टी ठेवून स्कॅन केलं तर पुढे छापताना माप पडताळता येतं.

पिनांचा अंक असेल तर पिना अलगद उघडून पानं सपाट ठेवता येतात आणि नंतर पुन्हा लावता येतात. डिंकाच्या पाठीचा अंक मात्र एकदा कापला की गेला. दुर्मीळ असेल तर कापू नका. काचेनं पान दाबून वरून कॅमेऱ्यानं घ्या. हे स्कॅन स्वतःच्या वापरापुरते ठेवा. मासिक बंद पडलं म्हणून त्याचा स्वामित्वहक्क संपत नाही.

जाहिरातींची पानं फेकू नका. त्या वेळी कुठलं हत्यार, कुठला सुटा भाग कोण बनवत होतं हे पुढे फक्त तिथेच सापडतं, आणि जुनं उपकरण दुरुस्त करणाऱ्याला त्याचं मोल कळतं.

गठ्ठा हलवण्याआधी स्कॅन केलेल्या प्रत्येक अंकाची पानं मोजा, आराखड्याची पानं मोठी करून बघा आणि वर सांगितलेल्या तिन्ही प्रती तयार आहेत याची खात्री करा. मग सलग वर्षांचे पूर्ण संच सुटे करू नका. त्याच छंदाच्या मंडळाला किंवा वाचनालयाला वर्षांची यादी आधी पाठवा, कारण त्यांच्याकडे नेमके कुठले अंक कमी आहेत हे त्यांनाच माहीत असतं. त्यांनी नको म्हटलेले अंकच रद्दीत जाऊ द्या.